शब्दांविना प्रार्थना : आर्वो पॅर्ट यांची चौथी सिंफनी

एस्टोनियाचे संगीतकार आर्वो पॅर्ट यांची चौथी सिंफनी केवळ वाद्यांसाठी आहे. तिच्यात गायक नाही आणि गायकवृंदही नाही. तंतुवाद्ये, हार्प, टिंपनी आणि इतर तालवाद्ये एवढाच तिचा ताफा. तरीही तिच्या मुळाशी एक प्रार्थना आहे : ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेतला ‘रक्षक देवदूताचा कॅनन’. या प्रार्थनेचा एकही शब्द श्रोत्याच्या कानावर पडत नाही, पण सिंफनीची घडण तिच्या चर्च स्लाव्होनिक भाषेतल्या पाठावर उभी आहे. म्हणूनच ही रचना धर्मविचारातला एक जुना प्रश्न नव्याने पुढे आणते. ज्या प्रार्थनेचे शब्द कोणी उच्चारत नाही आणि कोणी ऐकत नाही, तिला प्रार्थना म्हणावे का?

पॅर्ट यांचा जन्म ११ सप्टेंबर १९३५ रोजी एस्टोनियातल्या पाइडे या गावी झाला. तालिनच्या संगीत विद्यालयात हेइनो एलर हे त्यांचे गुरू होते. शिक्षणाच्या काळातच ते एस्टोनियाच्या आकाशवाणीत ध्वनिमुद्रणाचे काम करू लागले. एस्टोनिया त्या वेळी सोव्हिएत संघराज्यात होता. १९६० साली ‘नेक्रोलॉग’ या वाद्यवृंदरचनेत त्यांनी बारा स्वरांची पद्धत वापरली आणि त्यांच्यावर पाश्चात्त्य प्रभावाचा ठपका आला. १९६८ साली गायकवृंद, पियानो आणि वाद्यवृंद यांसाठी लिहिलेल्या ‘क्रेडो’मध्ये येशू ख्रिस्तावरील श्रद्धेचा लॅटिन भाषेत उघड उच्चार होता. नेमे यार्वी यांच्या संचालनाखाली तालिनमध्ये ती रचना सादर झाली आणि शासकीय वर्तुळात खळबळ उडाली. निरीश्वरवादी राजवटीला तिच्यातल्या विसंवादी स्वरांपेक्षा तिच्यातले शब्द अधिक बोचले.

त्यानंतरची सुमारे आठ वर्षे पॅर्ट यांनी फारच थोडे लिहिले. १९७१ सालची तिसरी सिंफनी हा या काळातला ठळक अपवाद. या वर्षांत त्यांनी ग्रेगोरियन गायन आणि मध्ययुगीन बहुस्वरी संगीत यांचा कसून अभ्यास केला, एकेका ओळीच्या साध्या सुरावटी वह्याच्या वह्या भरून लिहिल्या आणि १९७२ मध्ये ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये प्रवेश केला. १९७६ साली ‘फ्यूर अलिना’ ही पियानोची छोटी रचना घेऊन ते पुन्हा पुढे आले. तिच्यापासून सुरू झालेल्या पद्धतीला त्यांनी ‘टिंटिनाबुली’ हे घंटानादावरून सुचलेले नाव दिले.

या पद्धतीचा गाभा दोन आवाजांच्या नात्यात आहे. पहिला आवाज सुरावटीचा. तो एका मध्यवर्ती स्वराभोवती पायरीपायरीने चढतो, उतरतो आणि त्याच स्वराकडे परततो. दुसरा आवाज मूळ त्रिस्वराचा. सा, ग आणि प या तीन स्थानांपलीकडे तो जात नाही. सुरावटीच्या प्रत्येक स्वराला त्रिस्वरातला एक जवळचा स्वर नियमाने जोडला जातो. पहिला आवाज भटकतो, दुसरा जागेवर असतो. पॅर्ट यांच्या दृष्टीने पहिल्यात माणसाचे अहंकाराने, पापाने आणि दुःखाने भरलेले जगणे आहे, तर दुसऱ्यात क्षमेचा प्रदेश. त्यांच्या पत्नी नोरा यांनी हे नाते एकात एक मिळवल्यावर एकच उरते, अशा सूत्राने मांडले आहे. म्हणजे या पद्धतीत तंत्राची जुळणी आणि धर्माची कल्पना सुट्या काढता येत नाहीत.

पाठ्य हाताशी असेल तेव्हा ही पद्धत शब्दांच्या शिस्तीत चालते. शब्दात जितकी अक्षरे तितके स्वर. एकाक्षरी शब्द मध्यवर्ती स्वरावरच थांबतो आणि लांब शब्द त्यापासून दूर जाऊन येतो. ‘पासिओ’ या १९८२ च्या रचनेत स्वल्पविराम, पूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह यांवरून स्वर किती लांबवायचा हेदेखील ठरते. संगीतकार शब्दांना चाल लावत नाही, शब्दांच्या बांधणीतून चाल निघते. त्यामुळे ‘इथे करुणा वाटली पाहिजे’ किंवा ‘इथे आवेश हवा’ असे म्हणून रचनाकाराला मध्ये हात घालायला फारशी मोकळीक उरत नाही. रचना करणे हेच एक प्रकारचे आज्ञापालन होते.

शब्द झाकण्याची सुरुवात मात्र सक्तीतून झाली. १९७७ सालची ‘सुम्मा’ ही रचना म्हणजे ख्रिस्ती श्रद्धासूत्राचे, ‘क्रेडो’चेच, गायन आहे, सोव्हिएत अधिकाऱ्यांच्या नजरेत येऊ नये म्हणून तिला तटस्थ नाव मिळाले. १९८० साली पॅर्ट कुटुंब देश सोडून आधी व्हिएन्नाला आणि नंतर बर्लिनला गेले. तिथे शब्द दडवण्याचे कारण उरले नव्हते, आणि त्यांनी शब्दांसह पुष्कळ धार्मिक संगीत लिहिलेही. पण त्याच सुमारास वेगळ्या प्रकारच्या रचनांची एक रांग दिसू लागते. ‘प्सालोम’मध्ये तंतुवाद्यांनी एका स्तोत्राचा पाठ आपल्या अंगी घेतला आहे. ‘सिलुआनचे गीत’ ॲथॉस पर्वतावरचे रशियन साधू सिलुआन (१८६६–१९३८) यांच्या लेखनावर आधारलेले आहे. ‘त्रिसागिऑन’मध्ये उपासनेतली प्रार्थना आहे आणि २००० सालच्या ‘ओरिएंट अँड ऑक्सिडेंट’मध्ये स्लाव्होनिक श्रद्धासूत्र. या साऱ्या रचना केवळ वाद्यांच्या आहेत. एके काळी भीतीने झाकलेला शब्द आता स्वेच्छेने झाकला गेला. चौथी सिंफनी या रांगेतली सर्वांत मोठी रचना होय.

लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकसाठी एसा-पेक्का सालोनेन यांनी पॅर्ट यांच्याकडे रचना मागितली, तेव्हा पॅर्ट रक्षक देवदूताच्या कॅननमध्ये गुंतलेले होते. देवदूतांचे नाव धारण करणाऱ्या शहराकडून मागणी यावी, हा योग त्यांना अर्थपूर्ण वाटला आणि कॅनन सिंफनीचा पाया बनला. २००८ साली ती पूर्ण झाली. तिसऱ्या सिंफनीनंतर मध्ये ३७ वर्षे लोटली होती. १० जानेवारी २००९ रोजी वॉल्ट डिस्नी कॉन्सर्ट हॉलमध्ये सालोनेन यांच्या संचालनाखाली तिचे पहिले सादरीकरण झाले. तिचे तीन खंड आहेत. पहिला उदात्ततेने, दुसरा धापा टाकत असल्यासारख्या व्याकुळतेने आणि तिसरा निश्चयाने वाजवावा, असे निर्देश त्यांच्या माथ्यावर आहेत. पॅर्ट यांनी ही रचना रशियात तुरुंगात असलेले उद्योगपती मिखाईल खोदोर्कोव्स्की यांना, आणि त्यांच्या निमित्ताने तिथे हक्कांविना कैदेत पडलेल्या सर्वांना अर्पण केली.

‘मिनिमलिस्ट’ हे विशेषण तिला लावताना थोडी सावधगिरी हवी. टेरी रायली, स्टीव्ह राइश आणि फिलिप ग्लास यांच्या अमेरिकी मिनिमलिझमचा आधार ठाशीव लय आणि हळूहळू बदलणारी आवर्तने हा आहे. पॅर्ट यांच्याकडे साधने तितकीच थोडी आहेत, पण लयीचा सततचा ठोका नाही. त्यांच्या संगीतात लांबवलेला स्वर आणि त्यानंतरची निःशब्द जागा यांना सारखेच वजन आहे. पोलंडचे हेन्रिक गुरेत्स्की आणि इंग्लंडचे जॉन टॅव्हनर यांच्याबरोबर त्यांना ‘पवित्र मिनिमलिस्ट’ म्हटले जाते. ते समीक्षकांनी चिकटवलेले नाव आहे, या तिघांनी मिळून काढलेला पंथ नाही. गुरेत्स्की यांच्या १९७६ सालच्या तिसऱ्या सिंफनीत गायिका शोकाचे शब्द स्पष्टपणे गाते. पॅर्ट यांनी नेमके तेच टाळले आहे.

जो पाठ त्यांनी घेतला, तो मोकाट भावोद्गार नाही. बायझंटाइन उपासनेतला कॅनन हा सातव्या-आठव्या शतकांत घडलेला स्तोत्रप्रकार आहे. क्रीटचे आंद्रेयस आणि दमास्कसचे योहान यांची नावे त्याच्या घडणीशी निगडित आहेत. बायबलमधल्या नऊ स्तुतिगीतांच्या आधाराने त्याचे नऊ विभाग पडतात. त्यांतला दुसरा बहुधा गाळला जातो. प्रत्येक विभागात आरंभीचे पद, मग ठरलेल्या घडणीची कडवी आणि शेवटी देवमातेला उद्देशून एक कडवे असते. रक्षक देवदूताचा कॅनन रशियन परंपरेत घरच्या उपासनेत आणि पवित्र प्रसाद घेण्यापूर्वीच्या तयारीत म्हटला जातो. त्यात बोलणारा माणूस स्वतःला पापी म्हणवतो आणि बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला लाभलेल्या देवदूताने आपली साथ सोडू नये, अशी याचना करतो.

अशी प्रार्थना वाद्यांकडे सोपवणे ऑर्थोडॉक्स परंपरेत साधी गोष्ट नाही. तिथल्या उपासनेत वाद्यांना जागा नाही. घंटा वगळल्या तर फक्त मानवी कंठ चालतो. कारण उपासना ही शब्दाची असते आणि शब्द माणूसच उच्चारू शकतो. या भूमिकेची मुळे ख्रिस्ती धर्माहूनही जुनी आहेत. शब्दाविना ताल आणि स्वर वाजू लागले की त्यांचा हेतू काय आणि ते कशाचे अनुकरण करतात हे ओळखणे कठीण होते, अशी तक्रार प्लेटोने ‘लॉज’ या संवादात नोंदवली आहे. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने बायबलमधल्या वाद्यांचा अर्थ रूपकाने लावला : मनुष्यदेह हेच वाद्य आणि नसा याच त्याच्या तारा. योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभच शब्दापासून होतो. ज्या धर्मात देव शब्दरूपाने प्रकट होतो, त्या धर्मात शब्द काढून घेतल्यावर प्रार्थनेत काय उरते, हा आक्षेप म्हणूनच वजनदार आहे.

संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांच्या लेखनात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू सापडतात. ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या पुस्तकात ते कबूल करतात की, गायल्या गेलेल्या आशयापेक्षा गाण्यानेच मन अधिक हलले, तर तो आपल्याला अपराध वाटतो. उलट स्तोत्रांवरच्या प्रवचनांत ते आनंदाच्या शब्दरहित गायनाची थोरवी सांगतात. शेतात कापणी करणारे लोक आधी शब्दांनी गातात आणि आनंद मावेनासा झाला की शब्द सोडून नुसता नाद काढतात. ज्या देवाचे वर्णन करता येत नाही, त्याच्यासाठी असाच नाद योग्य. हा विरोधाभास वरवरचा आहे. दोन्ही ठिकाणी ऑगस्टीन यांचे माप एकच आहे : मन कोणाकडे वळले आहे? स्वरांच्या सुखाकडे वळले तर शब्द असूनही प्रार्थना हरवते. देवाकडे वळले तर शब्द सुटले तरी ती टिकते.

पॅर्ट यांची सिंफनी मात्र या दोन्ही प्रकारांत बसत नाही. आनंदातिशयाने शब्द सुटले, असे तिच्यात घडलेले नाही. तिथे शब्द जागच्या जागी आहेत, फक्त ते उच्चारले जात नाहीत. योहान सेबास्तियन बाख यांनी ऑर्गनसाठी लिहिलेल्या कोरालरचनांशी तुलना केली तर हे वेगळेपण स्पष्ट होते. बाख यांच्या काळातल्या लुथरन उपासकाला त्या भक्तिगीतांच्या चाली पाठ होत्या. ऑर्गनवर चाल वाजली की शब्द त्याच्या मनात आपोआप उभे राहत. चौथ्या सिंफनीच्या श्रोत्याकडे अशी ओळखीची चाल नाही. स्लाव्होनिक जाणणाऱ्या उपासकालाही केवळ ऐकून कोणता शब्द चालला आहे, हे सांगता येणार नाही.

इथे रूपवादी सौंदर्यशास्त्राचा आक्षेप उभा राहतो. एदुआर्द हान्सलिक यांनी १८५४ साली मांडले की संगीताचा आशय म्हणजे गतिमान नादरूपेच. त्याला बाहेरून चिकटवलेली भावना किंवा कथा ही संगीताचा भाग नव्हे. या मताप्रमाणे कॅननचा पाठ म्हणजे इमारत बांधताना उभारलेला परांचा. बांधकाम संपले की तो उतरवला जातो आणि इमारतीचे मोल त्यावरून ठरत नाही. संगीत म्हणून सिंफनीचे मोल ठरवायचे असेल, तर हा आक्षेप मान्य करावा लागतो. पाठ पवित्र आहे म्हणून स्वर सुंदर होत नाहीत. पण इथला प्रश्न सौंदर्याचा नाही, प्रार्थनेचा आहे. श्रोत्याला काय ऐकू येते हे संगीताच्या बाबतीत निर्णायक असेल. प्रार्थनेच्या बाबतीत मात्र ती कोणाला उद्देशून आहे, हे निर्णायक असते.

प्रार्थना ऐकू येण्याची गरज किती, याचा विचार अनेक धर्मांनी केला आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात विधियज्ञापेक्षा जपयज्ञ, त्याहून ओठांतल्या ओठांत होणारा उपांशु जप आणि त्याहूनही मानस जप श्रेष्ठ ठरवला आहे. ऑर्थोडॉक्स परंपरेतही अशाच पायऱ्या आहेत. एकोणिसाव्या शतकातले रशियन बिशप थेओफान यांनी ओठांची, बुद्धीची आणि हृदयाची अशी प्रार्थनेची उत्तरोत्तर खोल जाणारी रूपे सांगितली. चौदाव्या शतकात ग्रेगरी पालामास यांनी ॲथॉसच्या साधूंच्या ज्या मौनसाधनेचे समर्थन केले, तिचाही गाभा येशूनामाची अंतर्यामी चालणारी आवृत्ती हाच आहे. या सर्व ठिकाणी आवाज गळतो, शब्द गळत नाही. तो आत जातो. शिवाय कॅनन ज्याला उद्देशून आहे, तो देवदूत ख्रिस्ती शिकवणीत देहरहित मानला जातो. थॉमस अक्वायनस यांच्या मते देवदूतांचे परस्परसंभाषण ध्वनीवाचूनच होते. अशा श्रोत्यापर्यंत पोचण्यासाठी कंठ अपरिहार्य आहे, असे म्हणता येत नाही.

तरीही मानस जप आणि ही सिंफनी यांत एक मोठा फरक उरतो. मानस जपात शब्द जपणाऱ्याच्या मनात जिवंत असतो. सिंफनी वाजताना तो कोणाच्या मनात असतो? व्हायोलिनवादकाचे लक्ष स्वर, श्वास आणि संचालकाचा हात यांवर असते. तो कदाचित ख्रिस्ती नसेल, कदाचित कशावरच श्रद्धा ठेवत नसेल. श्रोत्याला पाठ ठाऊक नसतो. रचनाकाराने लिहिताना प्रार्थना केली असेल, पण ते कृत्य २००८ मध्येच संपले. प्रार्थना हे व्यक्तीचे कृत्य आहे. स्वरांची रचना स्वतःहून प्रार्थना करू शकत नाही. हा शेवटचा आक्षेप सर्वांत कठीण आहे आणि त्याला भावनेच्या भरात बगल देऊन चालणार नाही.

ख्रिस्ती विचारातला एक जुना निवाडा इथे आठवतो. धर्मगुरू स्वतः अपात्र असला तरी त्याने दिलेला बाप्तिस्मा खरा असतो, असे ऑगस्टीन यांनी डोनाटिस्ट पंथाच्या विरोधात ठासून सांगितले. संस्काराचे बळ ख्रिस्ताचे, देणाऱ्याचे नव्हे. मात्र सिंफनीला हा निवाडा सरळ लागू करता येत नाही. मैफल हा संस्कार नाही, आणि पॅर्ट यांनी तसा दावा केलेलाही नाही. याहून जवळचे उत्तर ऑर्थोडॉक्स परंपरेच्याच प्रतिमाविचारात मिळते. ७८७ साली निकेआ येथे भरलेल्या सातव्या धर्मपरिषदेने ठरवले की, प्रतिमेला दिलेला मान तिच्या मूळ रूपाकडे जातो. प्रतिमा म्हणजे देव नव्हे, आणि भिंतीची शोभाही नव्हे. ती स्वतः प्रार्थना करत नाही. पण तिच्या प्रत्येक रेषेला प्रार्थनेची दिशा आहे, आणि समोर उभा राहणारा माणूस त्या दिशेने वळू शकतो. परंपरेतला चित्रकारही स्वतःच्या लहरीने रंगवत नाही. ठरलेल्या नियमांत, उपवास आणि प्रार्थना करत काम करतो. संगीतकाराने पाठाच्या अक्षरांपुढे स्वतःची इच्छा बाजूला ठेवणे, हे त्याच जातीचे काम आहे.

प्रतिमेवर चित्रित व्यक्तीचे नाव लिहिलेले असावे लागते. त्यामुळे ती कोणाची आहे हे निश्चित होते आणि पाहणाऱ्याची भक्ती धूसर होऊन वाहवत नाही. चौथ्या सिंफनीत हे काम ‘लॉस एंजेलिस’ हे तिचे नाव, तिची अर्पणपत्रिका आणि कॅनन तिच्या मुळाशी आहे ही उघड सांगितलेली गोष्ट, यांनी मिळून केले आहे. शब्दाविना संगीत हेतुहीन भासते, या प्लेटोच्या तक्रारीलाही यातून उत्तर मिळते. श्रोत्याला शब्द ऐकू येत नाहीत, पण संगीताचे तोंड कुठे आहे हे त्याला कळलेले असते. ज्याला वळायचे आहे तो वळतो. ज्याला वळायचे नाही त्याला संगीत अडवत नाही. श्रद्धा नसलेल्या माणसांनी भरलेल्या सभागृहात गायल्या गेलेल्या शब्दांना कबुली नाही तर नकार, एवढेच दोन प्रतिसाद उरले असते. न उच्चारलेला शब्द अशी सक्ती करत नाही. ज्या संगीतकाराला एका राजवटीने श्रद्धेचा उच्चार नाकारला, त्याने दुसऱ्यांवर श्रद्धेचा उच्चार लादला नाही, हे या सिंफनीचे नैतिक मोठेपण आहे.

अर्पणपत्रिकेचा विचार केल्यावर हा मुद्दा पुरा होतो. खोदोर्कोव्स्की यांना ऑक्टोबर २००३ मध्ये अटक झाली होती. त्यांची संपत्ती सोव्हिएत संघराज्याच्या विघटनानंतरच्या गोंधळाच्या काळात उभी राहिली आणि तिच्याविषयी रशियात कटू मतभेद होते. पण रक्षक देवदूताचा कॅनन निर्दोष माणसाने म्हणायचा नसतोच. तो आपली बाजू मांडत नाही, दया मागतो. त्यामुळे कैदी पात्र आहे की नाही, हा प्रश्न या प्रार्थनेच्या मार्गात येत नाही. शिवाय दुसऱ्यासाठी केलेली प्रार्थना बहुधा त्या दुसऱ्याच्या नकळतच होते. लॉस एंजेलिसच्या सभागृहातले स्वर रशियातल्या तुरुंगात पोचत नव्हते. आजाऱ्याच्या, प्रवाशाच्या किंवा मृताच्या नावे केलेली प्रार्थनाही त्यांच्या कानी पडत नाही. ऐकू न येणे हे अशा प्रार्थनेचे व्यंग नाही, ती तिची नेहमीचीच स्थिती आहे. डिसेंबर २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या माफीनंतर खोदोर्कोव्स्की सुटले. त्यामागे राजकीय कारणे होती आणि त्यांची सुटका सिंफनीच्या खात्यावर मांडणे योग्य होणार नाही. दुसऱ्यासाठी मागणे मागण्याची किंमत मिळालेल्या फळावरून ठरत नाही.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर तीन भागांत द्यावे लागते. लिहिणाऱ्याच्या हातून ही सिंफनी प्रार्थना म्हणूनच घडली, कारण तिचा पाठ, तिचा उद्देश आणि पाठापुढे स्वतःला गौण ठेवण्याची शिस्त या तिन्ही गोष्टी तिथे होत्या. स्वरलिपीत ती प्रार्थना नाही, प्रार्थनेने आखलेली जागा आहे. सादरीकरणात ती पुन्हा प्रार्थना होऊ शकते, पण वाजवणाऱ्या किंवा ऐकणाऱ्या कोणा एकाने तरी आपले मन त्या दिशेने वळवले तरच. शब्द उच्चारला गेला की नाही, यावर यातले काहीच अवलंबून नाही. प्रार्थनेला शब्दाची गरज आहे ती माणसासाठी, त्याचे मन भरकटू नये म्हणून. पॅर्ट यांनी ती गरज मान्य केली आणि म्हणूनच शब्द टाकून न देता रचनेच्या पायात घातला.